एक ट्रॉली केंदाळ

हंबीरराव : एकच ट्रॉली, वैनी. उद्या सकाळी पावणं यायच्या आधी तळ्यात सोडायची, पावणं गेलं की दाताळ्यानं वडून काढायची. कुनाला कळनार बी न्हाय.

आक्का : तळ्याला कळंल की.

हंबीरराव : तळ्याला काय तोंड हाय व्हय?

आक्का : गावात तुमच्या एकट्याचं हाय तेवढं बास झालं, भावजी.

हंबीरराव : निर्मला, तू सांग बाई हिला. मी पडलो दीर. दिराचं ऐकायचं न्हाय, ही शपथ घेऊनच ही आमचा उंबरा वलांडून आलीया.

निर्मला : आक्का, आधी ते ओलं गोणपाट खाली ठेवा आणि बसा.

आक्का : बसतो. पर बसून बी तेच सांगनार.

निर्मला : ऐकून तर घ्या. कारखान्याचे चेअरमन उद्या इथं काय बघायला येणार? बायकांनी तळ्यातलं केंदाळ, त्यांच्या भाषेत जलपर्णी, काढलं, त्यात गांडुळं सोडली, खत केलं, हेच ना? त्यांच्या मनात आलं तर आपलं खत कारखान्याच्या डेपोतून सगळ्या सभासदांच्या उसाला जाईल. आणि आपल्या तळ्यात आज केंदाळाचं पान नाही. मांडव घातलाय, पाहुणे बोलावलेत आणि नवरीच नाही, असं झालंय.

आक्का : नवरी नांदाय गेली म्हनावं. खड्ड्यात सुखी हाय.

हंबीरराव : चेष्टेवारी न्यायचं काम न्हाय हे. मोठ्या मानसास्नी डोळ्याला दिसाय पायजे. बायका गुडघाभर पान्यात, हातात दाताळी, मागं हिरवंगार केंदाळ. फोटोवाला बी सांगितलाय मी कोडोलीचा. ट्रॉली भरून मारुतीच्या देवळापाशी उभी हाय. तू नुसती मान हलीव.

आक्का : भरून आनली बी? कुठनं?

हंबीरराव : बावड्याच्या पल्याडनं. नदीला काय तोटा हाय केंदाळाचा.

आक्का : पयल्या खेपंला बी तितनंच आनलं हुतं न्हवं तुमी?

हंबीरराव : आलं. मला ठावं हुतं, ही गाडी तितंच जाऊन थांबनार.

निर्मला : कुठली पहिली खेप?

आक्का : ह्या तळ्यात केंदाळ कुठनं आलं, तुला अजून कुनी सांगितलं न्हाय?

निर्मला : मी लग्न होऊन संकेश्वरहून आले तेव्हा तळं आधीच हिरवं होतं. मला तर पहिले चार दिवस वाटलं, गावाचं गायरान आहे.

आक्का : चंद्रीच्या रेडकाला बी तसंच वाटलं हुतं. ते मागनं सांगतो. आधी ह्यांचं ऐक. हे तवा तरुण मंडळाचं अध्यक्ष. त्या वर्साला गणपतीला देखावा केला. काय, तर कमळाचं तळं आन मधी गणपती. ताडपत्री अंथरून तळं झालं, गणपती झाला, कमळं काय मिळंनात.

हंबीरराव : मिळत हुती. लई महाग सांगाय लागला फुलवाला.

आक्का : मग ह्यांचं डोस्कं चाललं. नदीकाठच्या डबक्यात निळ्या तुऱ्याचं कायतरी फुललंय म्हनून बैलगाडी भरून आनली. फुलं म्हनशील तर मोरपीस ठिवल्यागत. मी बी म्होरं हुबा ऱ्हाऊन हात जोडलो, खोटं कशाला बोलू?

हंबीरराव : तालुक्यात पयला नंबर आलता. ढाल अजून हाय मंडळात.

आक्का : ढाल ऱ्हायली, तळं गेलं. चतुर्दशीला गणपती बुडवला आन त्याच्या मागनं ती गाडीभर कमळं बी तळ्यात सोडली.

निर्मला : अय्यो. उकिरड्यावर नाही टाकायची?

हंबीरराव : देवाच्या म्होरं ठिवलेलं उकिरड्यावर टाकतंय व्हय कोन? निर्माल्य हुतं ते. निर्माल्य पान्यातच सोडत्यात.

आक्का : सोडलं की. दिवाळीला अंगनाएवढं दिसाय लागलं. दुसऱ्या पावसाळ्याला पानी दिसायचं बंद झालं. आन गंमत बघ निर्मला, कुनी हात लावंना. गणपतीचं हाय म्हनाय लागली मानसं. उपटलं तर देवाचा कोप हुईल म्हनून बाया-बापड्या काठानं नमस्कार करून जायच्या. डास चावाय लागलं तवा कुठं नमस्कार थांबला.

हंबीरराव : हे बघ वैनी, तवा कुनालाच ठावं न्हवतं. आता ठावं हाय. आता सकाळी टाकून दुपारी काढायचं.

आक्का : तवा बी तुमी म्हनला हुता, सुकून जाईल म्हनून.

हंबीरराव : किती वर्सं काढनार हाईस ते?

आक्का : रोज न्हाय काढत. ट्रॉली आली की काढतो. आन म्हनूनच गेल्या गणपतीला म्हनलो, निर्माल्य आमच्याकडं द्या. आमच्या खड्ड्यात महिन्या-दीड महिन्यात सोनं हुतंय त्याचं.

हंबीरराव : त्यो इषय नगं. देवाच्या गळ्यातला हार काढून गांडुळापुढं टाकायचा? माझ्या हातनं ते मरंस्तवर व्हायचं न्हाय.

निर्मला : ते राहू द्या हो आता. आक्का, रेडकाचं काय म्हणत होता?

आक्का : माझी चंद्री म्हस. गावात तिच्यासारखं शिंग न्हाय. तिचं पयलं रेडकू, दावं सोडलं तर उड्या मारत तळ्याकडं गेलं. त्याला काय ठावं, हिरवं दिसलं, रान हाय म्हनून पाय टाकला. मी काठावरनं बघाय लागलोय आन ते मधी गेलं. वरनं हिरवं तसंच. हाललं बी न्हाय. चंद्री तीन दिवस तितंच हुबी ऱ्हाऊन वरडत हुती. चौथ्या दिशी मी दाताळं घेतलं आन वडाय लागलो.

हंबीरराव : एकटीच. अख्खं गाव हसत हुतं. म्हातारीला येड लागलं म्हनत हुतं.

आक्का : म्हातारी कवा हुतो तवा? केस काळं हुतं माझं. आन गाव न्हवं, तुमी म्हनत हुता. पारावर बसून.

हंबीरराव : मी म्हनलो हुतो, एकटीनं तळं निपटायचं म्हंजे चमच्यानं हीर उपसायची.

आक्का : उपसली.

निर्मला : हौदु, हो, उपसली. आता तिथंच गाडं अडलंय. आणि आक्का, हंबीरमामांना बोलू नका. ट्रॉली मीच मागवली.

आक्का : तू?

निर्मला : हो. काल मीच फोन केला त्यांना.

आक्का : तुझ्या तोंडानं तू सांगितलंस, केंदाळ आना म्हनून?

निर्मला : सांगितलं. मला रागवा हवं तर. पण काल अंबूबाई विचारत होती, निर्मला, हा शेवटचा खड्डा उपसला की पुढं काय? काय सांगू तिला? परत दुसऱ्याच्या रानात भांगलायला जा म्हणू? धोंडुबाईला तिचा नवरा हल्ली विचारून बाजाराला जातो. विचारून, आक्का. त्या बाईला मी आले तेव्हा घरात कुणी नावानं हाक मारत नव्हतं. या शेडात बसून बसून ती माणूस झाली. आणि आपण किती शहाण्या बघा. ज्याच्यावर सगळ्यांचं पोट होतं, तेच मुळासकट उपटून टाकलं.

आक्का : पोटासाठी काढलं हुतं व्हय मी? पानी दिसावं म्हनून काढलं. पोट मागनं आलं.

निर्मला : मागून आलं, पण आलं ना? आता आलेल्याला कुठं घालवू? मला वाटलं, उद्या तळं हिरवं दिसलं तर चेअरमन म्हणतील, माल आहे यांच्याकडं, करा सुरू. आणि मोकळं दिसलं तर म्हणतील, बायांनो, छान केलंत, घरी जा.

हंबीरराव : हेच म्हनतोय मी कवापास्नं. तुझ्यासारखं गोड बोलाय येत न्हाय मला एवढंच.

आक्का : तुमी गप ऱ्हावा. निर्मला, खरं सांग. दुपारी सगळं काढनार हुतीस?

निर्मला : थांबा, हे गोणपाट वाळत टाकते.

आक्का : बघ माझ्याकडं.

निर्मला : एक कोपरा ठेवला असता. वडाच्या मुळ्यांपाशी. बांबू बांधून. बी म्हणून.

आक्का : बी?

निर्मला : तुम्हीच नाही का म्हणत, घरातली ज्वारी सगळी दळायची नाही, बियाला राखायची?

आक्का : ज्वारीचं बी राखत्यात, बाई. ज्वारी बांधाच्या आत ऱ्हाती. ह्याला तुझा बांबू आडवनार? तूच त्या शेती कॉलेजातनं शिकून आलीस तवा सगळ्यास्नी गोळा करून सांगितलं हुतंस. ह्याचं एक बी चिखलात पडलं की वर्सानुवर्सं निजून ऱ्हातंय, आन पानी मिळालं की उठतंय. माझ्या ध्येनात ऱ्हायलं, आन शिकिवनारी इसरली?

निर्मला : विसरले नाही. भ्याले.

आक्का : भ्यायला तू काय नवी नवरी हाईस? नवी हुतीस तवा भ्याली न्हाईस. सासरा दुकानात बसलाय, नवरा संगं न्हाय, आन एकटी यष्टीत बसून कोल्हापूरला गेलीस. येताना मांडीवर पत्र्याचा डबा.

निर्मला : कंडक्टर म्हणाला, बाई, डब्यात काय आहे? मी म्हटलं, गांडुळं. सगळी बस मागं सरकली. मला बसायला अख्खं बाकडं मिळालं.

हंबीरराव : तुझा सासरा शिवय्या काय म्हनला हुता ठावं हाय? दुकानात गूळ इकायचा आन घरात किडं पाळायचं, आमच्यात कुनी केलं न्हाय असलं.

निर्मला : मामंजी म्हणाले खरं. पण रिकामी पोती त्यांनीच दिली, दुकानातली. तेव्हा दिली, आज पण देतात. मागावी लागत नाहीत.

आक्का : आन पयली सगळी गांडुळं आपुन मारली.

निर्मला : आपण नाही, तुम्ही मारली.

आक्का : मी काय केलं? नवं काम सुरू झालं, खड्ड्याची पूजा केली. नारळ फोडला, गुळाचा खडा ठिवला, हळदकुकू लावलं. चांगल्या कामाला निवद नगं?

निर्मला : आणि सकाळी बघतो तर तांबड्या मुंग्यांची रांग. गूळ, खोबरं, आणि मग गांडुळं. चाटूनपुसून. धोंडुबाई रडायला लागली, म्हणाली, देवाला हे मान्य नाही.

आक्का : मी म्हनलो, देवाला मान्य हाय, मुंगीला गुळाचा वास आला त्याला देव काय करनार? परत आनू. आन म्होरच्या खेपंला खड्ड्याभवती पान्याचा चर काढला. पूजा केली ती चराच्या भाईर हुबा ऱ्हाऊन.

हंबीरराव : दुसऱ्या खेपंला बी मेली की काय गांडुळं?

निर्मला : दुसऱ्या वेळी घाईनं मेली. केंदाळ ओलंच्या ओलं टाकलं होतं. ते आधी सुकवायचं, चिरायचं, शेणकाला घालायचा आणि त्याची ऊब गेली की मग गांडुळं सोडायची. आम्ही तापलेल्या भाकरीवर सोडावीत तशी सोडली.

आक्का : तिसऱ्या खेपंला जगली. आन ज्या दिशी पयलं खत निघालं... सांग की गं, राजारामपुरीचं.

निर्मला : आक्का, आत्ता ते कशाला? ट्रॉली उभी आहे.

आक्का : उभी ऱ्हाऊ दे. सांग.

निर्मला : दोन पोती घेऊन आम्ही दोघी कोल्हापूरच्या राजारामपुरीत दारोदार फिरत होतो. एक डॉक्टरीणबाई दारात आली, मूठभर हातात घेतलं, वास घेतला आणि म्हणाली, चहापावडर कितीला दिलीत?

आक्का : चहापावडर. वास येत न्हवता, हाताला लागत न्हवतं. ज्या केंदाळाच्या वासानं गाव नाक धरत हुतं, ते केंदाळ त्या बाईनं नाकाला लावलं. निर्मला, त्या दिशी बसमधी मी तुला काय म्हनलो हुतो?

निर्मला : आता मेले तरी चालेल म्हणाला होता.

आक्का : ते न्हवं. त्याच्या म्होरचं.

निर्मला : म्हणाला होता, नको, आत्ता नको, आधी तळ्याचा तळ बघू.

आक्का : आन बघितला का न्हाय? औंदा शिवरात्रीच्या म्होरं शेवटचं रोप मी हातानं काढलं. बयाबाईनं त्याला नवरीगत टोपपदर केला, समद्यांनी मिळून वाजत गाजत खड्ड्यापतुर नेलं. सासरी धाडलं म्हनून हसत हुता सगळ्या. आन त्याच तळ्यात उद्या पावन्यास्नी दाखवाय तुमी माहेरी आननार?

निर्मला : मग सांगा, उद्या काय दाखवू? सांगा तुम्ही.

आक्का : भावजी, त्या ट्रॉलीत केंदाळ किती हाय?

हंबीरराव : काठोकाठ. वर ढीग.

आक्का : आन नदीत अजून किती असंल?

हंबीरराव : नदीत? आता चैत्रात पानी तटलंय, काठापास्नं काठापतुर गालिचा. मानूस चालत पल्याड जाईल असं वाटतंय.

आक्का : मग संपलंय कुठं?

निर्मला : म्हणजे?

आक्का : आपलं तळं संपलं. केंदाळ कुठं संपलंय? नदीचं काढून खड्ड्यावर आनायचं. तळ्याला हात लावायचा न्हाय.

निर्मला : ते माझ्या मनात आलं नव्हतं असं नाही. पण आणायचं कशानं? रोज ट्रॉलीचं भाडं देऊन खत कुणाला परवडणार?

आक्का : भावजी, कारखान्याचा हंगाम कवा संपतोय?

हंबीरराव : ह्याच आठवड्यात. पट्टा पडंल.

आक्का : मग उसाच्या ट्रॉल्या काय करत्यात?

हंबीरराव : काय करत्यात? झाडाखाली हुब्या. दसऱ्यापतुर कोंबड्या बसत्यात त्यावर... वैनी, तू कुठं चाललीस ते कळाय लागलं मला.

आक्का : चेअरमन उद्या येनारच हाय. त्याला इचारायचं. आमचं तळं झालं, आता तुमची नदी द्या. आन रिकाम्या ट्रॉल्या द्या.

हंबीरराव : आन त्यो म्हनला, बाई, आधी केंदाळ दाखवा, तर?

आक्का : दाखवू की. ट्रॉली आनलीया न्हवं तुमी? हितं शेडाच्या म्होरं फरशीवर वता. खाली ताडपत्री घाला. बायका बसून चिरतील, शेणकाला घालतील, सगळं बघू दे त्याला. खोटं काय हाय त्यात? नदीचं केंदाळ म्हनूनच सांगायचं.

हंबीरराव : आन तळं?

आक्का : तळं मोकळं दाखवायचं.

हंबीरराव : फोटोत काय येनार मग? नुसतं पानी?

आक्का : पानी.

निर्मला : आक्का, चेअरमन नाही म्हणाले तर?

आक्का : तर न्हाय म्हनला. दोनदा गांडुळं मेली तवा आपुन काय केलं? पर तळ्यात टाकून जर त्यानं व्हय म्हनलं, तर ते व्हय मला रोज आंघोळीला जाताना दिसंल.

निर्मला : आणायला सांगा, मामा. फरशीवर.

आक्का : आन भावजी, वतताना मी हुबा ऱ्हानार. तळ्याच्या अंगाला ट्रॉलीचं तोंड करायचं न्हाय. चाकाला चिकटलेलं सुदीक झाडून घ्यायचं.

हंबीरराव : चाकं धुऊनच आनतो, बाई. म्हंजे तू मला रातभर झोपू देशील.

(दुसऱ्या दिवशी दुपार. पाहुण्यांच्या गाड्या नुकत्याच गेल्या आहेत. शेडासमोर निम्मं चिरलेलं केंदाळ.)

निर्मला : आक्का, आता तरी सांगा. संचालक सगळे इथं आमच्याजवळ खत बघत बसले आणि चेअरमनना तुम्ही एकट्याच तळ्याकडं घेऊन गेलात. इतका वेळ काय करत होता?

हंबीरराव : मी हितनं बघत हुतो. दोघं बी तोंड पान्याकडं करून बसली हुती. मला वाटलं, भांडान झालं.

आक्का : भांडान कशाला? त्यानं आल्या आल्या इचारलं, आजी, केंदाळ कुठाय? मी म्हनलो, न्हाय. त्यो म्हनला, न्हाय म्हंजे दुसऱ्या अंगाला हाय का? मी म्हनलो, कुठल्याच अंगाला न्हाय, फिरून बघा. फिरला. समदा काठ फिरून आला.

निर्मला : मग?

आक्का : मग पायरीवर बसला. वहाना काढल्या, पाय पान्यात सोडलं. तवर चंद्रीची नात पान्यात उतरली. नाकपुड्या तेवढ्या वर. त्यो बघतच ऱ्हायला. म्हनला, आजी, आमच्या बी गावाला तळं हाय. माझी आई त्यात पवायला शिकली असं ती सांगती. माझ्या पोरास्नी त्यात पानी हाय हेच ठावं न्हाय. त्यांना वाटतंय हिरवळ हाय.

हंबीरराव : एवढा मोठा मानूस, असं म्हनला?

आक्का : मोठा मानूस म्हनून काय तळं नसतंय व्हय? मी त्याला रेडकाचं सांगितलं.

निर्मला : आणि नदीचं? ट्रॉल्यांचं? डेपोचं?

आक्का : नदीचं म्हनला, काढा, कुनी आडवनार न्हाय. कारखान्यालाच ते नगं झालंय. ट्रॉल्या हंगाम झाला की दोन देतो म्हनला.

निर्मला : शिवने, देवा. दोन?

आक्का : डेपोचं मातर व्हय म्हनला न्हाय. मीटिंगमधी मांडतो म्हनला. मांडंल का न्हाय, देव जाने. मी बी लई मागं लागलो न्हाय.

निर्मला : नाही मांडलं तर मी जाईन मागं लागायला. ट्रॉल्या आल्या तर खड्डे बंद पडत नाहीत, बाकीचं बघू आपण. अंबूबाईला सांगून येऊ का?

आक्का : थांब की, अजून हाय. जाताना म्हनला, आमच्या गावच्या बायकास्नी शिकवाय याल का? मी म्हनलो, शिकिवनारी शेडात बसलीया, तिला इचारा. मी नुसती वडनारी.

निर्मला : म्हणूनच ते जाताना मला म्हणाले, बाई, आमच्याकडं कधी येता? मला वाटलं, जेवायला बोलावतात. मी म्हटलं, कशाला त्रास.

हंबीरराव : घ्या. चेअरमनला त्रास नगं म्हनून सांगितलं. धन्य हाईस.

निर्मला : मी फोन करते. आत्ताच करते. आक्का, मी शिकवायला जायचं तर तुम्ही पण यायचं.

आक्का : मी कशाला? माझं गुडघं...

निर्मला : गांडुळं मारायची कशी, ते कोण सांगणार? गूळ-खोबरं घेऊन या.

आक्का : बघा भावजी, कशी बोलती. कालपतुर भीत हुती.

हंबीरराव : तुझ्याच हाताखाली तयार झालीया, गोड कशी बोलंल? आन वैनी, त्यो फोटोवाला म्हनतोय, पानी लई झकास आलंय फोटोत. आभाळ सगळं उतरलंय म्हनतो. एक फोटो मोठा करून देतो, मंडळात लावा म्हनला.

आक्का : लावा की. ढालीच्या शेजारी लावा.

हंबीरराव : शेजारी कशाला? ढाल काढून तितं लावू म्हनलो मी त्याला.

आक्का : ढाल कशाला काढता? ऱ्हाऊ दे. ती बी आपलीच हाय.

हंबीरराव : वैनी, गणपतीला अजून लई अवकाश हाय.

आक्का : व्हय. मग?

हंबीरराव : न्हाय, इचारून ठिवतो. ते हार, फुलं, दुर्वा... सगळ्या मंडळांचं मी गोळा करून आनलं, तर कुठल्या खड्ड्यावर आनायचं?

आक्का : चिंचंखालच्या. तितं सावली चांगली हाय.

हंबीरराव : आन हार तसंच चालत्यात?

आक्का : दोरं काढून आना, भावजी. त्यास्नी दोरा पचत न्हाय.